पाऊण मीटर आई

कात्रीआत्याला कात्रीआत्या का म्हणतात, असं विचारलं तर घरातली पोरं सांगतात की तिची जीभ कात्रीसारखी चालते म्हणून. चालते, नाही कशाला म्हणायचं. भल्याभल्यांना तिने उभं कापलंय. पण नाव पडलं ते कामावरून. बाविसाव्या वर्षापासून चोपन्नाव्या वर्षापर्यंत आत्याने एकाच जागी बसून दोनच कामं केली. फिल्म कापली आणि फिल्म जोडली. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. भावाच्या घरात मागची खोली तिची, सकाळचा पहिला चहा तिचा आणि शेवटचा शब्दही तिचाच.

तर ते काम. तेव्हा हौशी लोकांकडे छोटे कॅमेरे असायचे, हातात धरून चालवायचे. त्यात तीन मिनिटांची फिल्म बसे, पंधरा मीटर लांबीची. पोराचं पहिलं पाऊल, थोरलीचं लग्न, दारासमोर उभी केलेली नवी गाडी, असलं काय काय त्यावर घ्यायचं आणि धुवायला आणून द्यायचं. आत्या जिथे काम करायची त्या धुलाई केंद्रात अशा तीसतीस फिल्मा अंधाऱ्या खोलीत एकमेकींना जोडून त्यांचं एक लांबच लांब रीळ करत आणि यंत्रात सोडत. प्रत्येकीच्या टोकाला नंबराची चिठ्ठी, तोच नंबर गिऱ्हाइकाच्या पाकिटावर. धुऊन वाळून रीळ बाहेर आलं की आत्या टेबलावर बसायची, जोड दिसला की कापायची, नंबर बघायची आणि ज्याची त्याच्या पाकिटात घालायची. आणखी एक लक्षात ठेवा, कारण सगळं त्यावरच अडलं. या घरगुती फिल्मेला निगेटिव्ह नसते. जी कॅमेऱ्यातून निघाली तीच धुऊन हातात येते. दुसरी प्रत नाही. गेली की गेली.

एके दिवशी दोन चिठ्ठ्या धुण्यात सुटून गेल्या. दोन फिल्मा बिननंबराच्या आणि दोन पाकिटं रिकामी. आत्याने नियमाप्रमाणे साहेबांना सांगायला हवं होतं. पण महिन्याभरापूर्वीच पलीकडच्या टेबलावरच्या बाईला साहेबांनी अशाच अदलाबदलीवरून घरी बसवलं होतं. आत्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि अंदाजाने एक या पाकिटात घातली, एक त्या. जुळण्याची पन्नास टक्के शक्यता होती म्हणा. नाही जुळलं.

चार दिवसांनी एक बाई पाकीट घेऊन परत आली. तिशीच्या आतली, बोटांना शिक्क्याची शाई लागलेली. चौकातल्या पोस्टात कामाला होती. म्हणाली, ही आमची नाही, यात कुणाची तरी सहल आहे. काउंटरवाल्याने तिला आत आत्याकडे पाठवलं. त्या क्षणी आत्याने काय करायचं होतं? मागच्या फडताळातलं दुसरं पाकीट उघडायचं, दोन मिनिटांचं काम. पण तसं केलं असतं तर अदलाबदल कबूल झाली असती. आणि फिल्म यंत्रात खराब झाली म्हटलं की दोष यंत्राचा, माणसाचा नाही. गिऱ्हाइकाला एक कोरी फिल्म फुकट, विषय संपला. आत्याने तेच सांगितलं. तुमची खराब झाली, ही चुकून भलतीच दिली गेली, माफ करा, ही घ्या नवीन.

बाईने नवीन फिल्म हातात घेतली नाही. तिची आई जन्मापासून ऐकू न येणारी होती, बोलत नव्हती. शाळेत वगैरे कुठे गेली नव्हती. मायलेकींची हातांची भाषा त्या दोघींनीच घरात बनवलेली, तिसऱ्याला कळायची नाही. आईचं आजारपण वाढलं तेव्हा मुलीने शेजाऱ्यांचा कॅमेरा मागून आणला आणि आईला म्हणाली, काय सांगायचंय ते सांग. आई तीन मिनिटं सांगत होती. मुलगी कॅमेऱ्यामागे, एक डोळा मिटलेला, दुसरा फोकस नीट आहे ना या काळजीत. आईच्या खुणा धड वाचल्याच नाहीत. म्हटलं, धुऊन आली की निवांत बघू. आई मागच्या महिन्यात गेली होती.

"फोटो आहेत हो तिचे," ती बाई आत्याला म्हणाली होती, "पण फोटोत ती बोलत नाही."

आत्याने मान हलवली आणि पुढचं रीळ ओढलं. ती बाई त्यानंतर आणखी तीनदा येऊन गेली. निदान एखादा तुकडा तरी वाचला असेल, बघाल का, म्हणून. तिन्ही वेळा आत्याने यंत्राकडे बोट दाखवलं. दुसऱ्या पाकिटाचा मालक मात्र कधी आलाच नाही. सहलीची फिल्म ज्याची, तो गाव सोडून गेला की मेला, देव जाणे.

सहा महिन्यांनी फडताळ आवरताना ते पाकीट आत्याच्या हाती लागलं. तिने फिल्म हाताने फिरवायच्या छोट्या यंत्रावर चढवली. दिव्यासमोरच्या काचेवर एक म्हातारी खिडकीपाशी बसलेली होती आणि तिचे हात चालले होते. आत्याने एकदाच, भराभर, शेवटपर्यंत फिरवून बघितलं आणि फिल्म पाकिटात ठेवली. आता तरी द्यायची ना? पोस्ट दहा मिनिटांवर. पण देताना काय सांगणार? सहा महिने खोटं बोलले म्हणून? उद्या देऊ, परवा देऊ, निनावी टाकू पेटीत, असं करत करत अडतीस वर्षं गेली. मला राग येतो तो इथे. चूक एकदा होते, कुणाच्याही हातून होते. पण ही बाई रोज सकाळी उठून नव्याने गप्प बसली.

आणि ती सुखाने गप्प बसली असंही नाही. भावाचं घर त्या चौकातल्या पोस्टापासून दोन मिनिटांवर. आत्या मात्र पत्र टाकायचं असो की पैसे काढायचे असोत, वीस मिनिटं पायपीट करून पुलापलीकडच्या पोस्टात जायची. भाऊ विचारायचा, वेड लागलंय का? तर म्हणे, या पोस्टातला शिक्का नीट उमटत नाही. घरात हा आत्याचा तिरसटपणा म्हणून हसण्यावारी गेला.

धुलाई केंद्र बंद पडलं तेव्हा न नेलेल्या फिल्मांचा पत्र्याचा डबा साहेबांनी फेकायला काढला. आत्या तो घरी घेऊन आली आणि खाटेखाली सारला. का आणला? आठवण म्हणून, असं तिने सगळ्यांना सांगितलं.

आता भाची. भावाची धाकटी. लहानपणी भिंती रंगवायची, मोठेपणीही तेच करते, फक्त आता लोक बघायला येतात. ती स्वतःला चित्रकार म्हणवते, पण कुंचला क्वचित हातात घेते. जुन्या फिल्मा जमवते, त्या कापते, रंगवते, सुईने ओरखडते, रसायनात भिजवते आणि मोठ्या अंधाऱ्या दालनात भिंतीवर फिरवत ठेवते. भावाने एकदा जाऊन पाहिलं आणि घरी येऊन म्हणाला, खुर्ची नाही, गोष्ट नाही, मध्यंतर नाही, सुरुवात कधी झाली आणि शेवट कधी होणार ते कुणाला माहीत नाही, मी दोनदा दाराकडे गेलो आणि दोनदा परत आलो. आत्याने त्याला झापलं. तुला काय कळतंय, म्हणाली. तिलाही फार कळत होतं अशातला भाग नाही. पण भाची तिला एकदा म्हणाली होती, आत्या, अख्ख्या शहरात हाताने फिल्म जोडणारं तुझ्याशिवाय कुणी उरलं नाही, माझ्यासोबत काम कर. सतरा वर्षं रिकामी बसलेली बाई. तिचा चेहरा त्या दिवशी बघायला हवा होता.

दोघींची जोडी छान जमली. भाची पांढऱ्या पेन्सिलीने खूण करायची, आत्या कापायची. तुकड्याची दोन टोकं चिकटपट्टीने एकमेकांना जोडली की फिल्मेचं कडं होतं आणि तेच चित्र प्रोजेक्टरवर अखंड फिरत राहतं. फिरून फिरून जोड सुटतो, तेव्हा आत्याने तो पुन्हा करायचा. आत्याची जीभ मऊ झाली, भावजयीला तर ती आजारी आहे की काय अशी शंका आली.

मग भाचीने खाट सरकवली. डबा उघडून ती खाली बसली ती उठेचना. आत्या, हा केवढा खजिना आहे आणि तू यावर झोपतेस? घेऊ का? आता बघा, याच वेळी एक पाकीट बाजूला काढून ठेवता आलं असतं. आत्या म्हणाली, घे की, सगळा ने. त्या वेळी तिच्या मनात काय होतं, हे तिने पुढे भाचीला सांगितलं म्हणून आपल्याला माहीत. तिला वाटलं, एवढ्या शंभर फिल्मांच्या गर्दीत ती एक जाईल, कुठेतरी मिसळेल, आणि माझ्या डोक्यावरचं ओझं उतरेल.

मिसळली नाही. भाचीने बरोबर तीच निवडली. काचेवर म्हातारीचे हात दिसताच ती थबकली आणि म्हणाली, आत्या, हे बघ, ही हातांनी नाचतेय. सुरुवातीचेच दहा सेकंद तिला हवे होते. चांगला उजेड, हात चेहऱ्याच्या समोर, मागे पडदा हलणारा. इथून इथपर्यंत काप, तिने खूण करून दिली. पाऊण मीटर फिल्म. उरलेली चौदा मीटर तिला दुसऱ्या भिंतीसाठी हवी होती, रंग उडवणाऱ्या विरंजकात भिजवून, म्हणजे चित्र विरघळून नुसते रंग वाहताना दिसतील.

आत्याने कात्री उचलली. तोंड उघडायला एक श्वास पुरला असता. भाची शेजारी उभी, उत्साहाने लालबुंद, आत्याच्या खांद्यावर हात ठेवून. या पोरीच्या नजरेत आपण जगातलं शेवटचं कसबी माणूस आहोत, आणि आता हिला सांगायचं की आपण कोण आहोत ते? आत्याने कापलं. सरळ, स्वच्छ, फ्रेमच्या अगदी रेघेवर. नंतर तिला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच की हात जराही थरथरला नाही. दुपारी चौदा मीटर फिल्म तिनेच विरंजकाच्या ट्रेमध्ये सोडली आणि रंग सुटताना पाहत उभी राहिली.

प्रदर्शन चांगलं गाजलं. एका भिंतीवर म्हातारीचे हात, तेही भाचीने उलटे फिरवलेले, शेवटाकडून सुरुवातीकडे. समोरच्या भिंतीवर तीन मिनिटं रंगांचे लोट. लोक येत, हातांसमोर उभे राहत, काहींच्या डोळ्यांत पाणी येई. आत्या प्रोजेक्टरशेजारी स्टुलावर बसून असायची, जोड तपासायला. घरी येऊन जेवायची नाही. वय झालं, असं भावजय म्हणायची.

दुसऱ्या आठवड्यात एक तरुण जोडपं आलं. दोघांनाही ऐकू येत नव्हतं. ती दोघं भिंतीकडे बघून आपसात हातांनी काहीतरी तावातावाने बोलू लागली, आणि मग त्यातल्या मुलीने कागदावर लिहून भाचीच्या हातात दिलं. हे उलटं चाललंय. ही बाई नाचत नाही, बोलतेय. तिच्या खुणा आम्हाला येत नाहीत, पण ती कुणालातरी काहीतरी सांगतेय.

भाची तो कागद घेऊन धावत आत्याकडे आली. बोलतेय, आत्या, कुणाशी बोलत असेल गं? आत्या स्टुलावरून उठली आणि म्हणाली, मला जरा पाणी दे. मग पाणी न पिताच तिने सगळं सांगून टाकलं, चिठ्ठ्यांपासून ट्रेपर्यंत. भाची ऐकत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "मी नसती कापली गं आत्या. एका शब्दाने सांगितलं असतंस तर मी हातसुद्धा लावला नसता."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या अडतीस वर्षांनी चौकातल्या पोस्टात गेली. ती बाई कधीच निवृत्त झालेली, पण काउंटरवरच्या माणसाला घर माहीत होतं. आत्याने त्या दाराची कडी वाजवली. दार उघडणाऱ्या बाईचे केस पांढरे झालेले. तिने आत्याला ओळखलं नाही. आत्याने धुलाई केंद्राचं नाव घेतलं आणि, काय सांगू तुम्हाला, तिथेही या बाईची जीभ अर्धीच उघडली. म्हणाली, तुमची फिल्म सापडली आहे.

सापडली. लपवली होती नव्हे, कापली नव्हे. सापडली.

त्या बाईने दाराची चौकट धरली. मग आत जाऊन इस्त्रीचे कपडे घालून आली, चष्म्याच्या काचा पुसल्या, पुन्हा पुसल्या. रस्ताभर बोलत होती. आई कशी रागावली की पाठ करून बसायची, म्हणजे तिला उत्तरच देता यायचं नाही. अंधार पडला की दोघी एकमेकींच्या तळहातावर कशा बोलायच्या. हातांची भाषा वापरली नाही तर विसरते हो, माझी निम्मी विसरले असेन, दुसरं कुणी नव्हतंच ना बोलायला, असं म्हणाली आणि आत्याचा दंड धरून चालू लागली. देव तुमचं भलं करो, किती आठवणीने आलात. आत्याला वाटलं, रस्त्यात इथेच आपल्याला काहीतरी व्हावं.

दालनात भाचीने प्रोजेक्टरचा खटका फिरवून फिल्म सरळ लावून ठेवली होती. दुसरं कुणी नव्हतं. भिंतीवर म्हातारी आली. माणसाएवढी, खिडकीपाशी बसलेली. हात उचलले. पोस्टातल्या बाईचेही हात आपोआप वर आले. तिने फिल्म एकदा पाहिली, दोनदा पाहिली, आणि तिसऱ्यांदा ती शेजारच्या दोघींसाठी हळू आवाजात सांगू लागली, आईच्या हातांच्या पाठोपाठ.

"इकडे बघ. हसू नकोस. मी एकदाच सांगणार आहे, नीट लक्षात ठेव..."

आणि फिल्म पुन्हा पहिल्यापासून. इकडे बघ. हसू नकोस. चारपाच वेळा तसं झाल्यावर ती आत्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर हसूच होतं.

"आता पुढचं लावा," ती म्हणाली.

भाची पुढे झाली, तिला सांभाळून सांगायचं होतं. आत्याने तिला हाताने मागे सारलं.

"पुढचं नाही. मी कापलं." आणि एकदा सुरू झाल्यावर ती थांबली नाही. खराब झालीच नव्हती, तुम्ही चार वेळा आलात तेव्हा फडताळात होती, नंतर माझ्या खाटेखाली होती, आणि गेल्या महिन्यात मी कापली, कुणाची आहे ते माहीत असून. समोरच्या भिंतीवर ते रंग आहेत ना, ते तुमच्या आईचं बाकीचं बोलणं.

पोस्टातली बाई समोरच्या भिंतीपाशी गेली आणि उभी राहिली. निळा, तांबूस, मग पिवळा, सगळं वाहत होतं. तीन मिनिटं ती मान पुढे काढून शोधत होती. एकदा कुठे बोटासारखं काही दिसलं असावं, तिने भिंतीला हात लावला आणि रंग तिच्या हातावरून पुढे गेले. ती परत आली तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता, पोस्टाच्या खिडकीमागून माहिती विचारावी तसा.

"तुम्ही ती पूर्ण पाहिली होती?"

"एकदा. तेव्हाच."

"मग जगात तुम्हीच एक आहात." तिने आत्याला प्रोजेक्टरशेजारच्या स्टुलावर बसवलं आणि समोर दुसरं स्टूल ओढून ती बसली. "काय आठवतं ते करून दाखवा. अर्थ मी लावते."

आत्याने हात वर उचलले. बत्तीस वर्षं एकेक फ्रेम ओळखणारे हात. तिने डोळे मिटले. म्हातारीने छातीशी काहीतरी केलं होतं, नक्की केलं होतं. की कपाळाशी? मध्ये कुठेतरी ती थांबली होती. शेवटी दोन्ही तळवे असे... असे की तसे? तेव्हा आपण भराभर फिरवून बघितलं, कारण बघायचंच नव्हतं. समोर ती बाई श्वास रोखून तिच्या बोटांकडे बघत होती. अडतीस वर्षांनी कुणीतरी आपल्याशी आईच्या भाषेत बोलणार, अशा नजरेने. छातीवर हात ठेवून मग तो तिच्याकडे केला असता, एवढं पुरलं असतं. त्यातून तिने तिला हवं ते वाचलं असतं आणि आयुष्यभर जपलं असतं. आत्याचा हात छातीपर्यंत गेलासुद्धा. तिथे तो जरा वेळ थांबला.

मग तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"नाही आठवत," ती म्हणाली. "काहीच नाही आठवत."

पोस्टातली बाई तिच्या मांडीवरच्या हातांकडे आणखी थोडा वेळ बघत राहिली. नंतर तिने आपलं स्टूल उचललं, आत्याकडे पाठ करून आईच्या हातांच्या भिंतीसमोर ठेवलं आणि त्यावर बसली.